केनायची करडी झाडं आणि त्यांच्या मुळाशी असलेली जमीन

अलास्कात अँकरेजहून केनाय द्वीपकल्पावरच्या होमरला गाडीने जाताना मैलोन्‌मैल वाळलेल्या स्प्रूसची, म्हणजे इथल्या सूचिपर्णी झाडांची, करडी खोडं दिसली, असं तुम्ही लिहिलंय. बरोबरच्या गृहस्थांनी सांगितलं, "भुंगेऱ्यांनी मारली ती. आता आगीत जातील, मग पुन्हा उगवतील. जंगलाचं चक्रच आहे ते." हे कितपत खरं आणि वाळलेली झाडं सरकार तोडून का टाकत नाही, हे तुमचे दोन प्रश्न.

माझ्या कामाची पहिली सहा वर्षं चंद्रपूरच्या सागवनात गेली आणि पुढची वीस अलास्कात. त्या जोरावर सांगतो: त्या गृहस्थांचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं बरंचसं ऐकीव आणि तिसरं अर्धवट. "पुन्हा उगवतील" यात नेमकं काय उगवेल ते सांगितलेलंच नाही. सगळी गोम तिथेच आहे.

आधी भुंगेरा. स्प्रूस बार्क बीटल म्हणतात तो हा, तांदळाच्या दाण्याएवढा, काळपट-तपकिरी. हा कुठून बाहेरून आलेला नाही, इथलाच आहे. एरवी तो वाऱ्याने पडलेल्या एखाद-दुसऱ्या झाडात गुपचूप संसार करतो. मे-जूनमध्ये हवा साधारण १६ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की उडतो. मादी साल पोखरून आत शिरते, आंतरसालीत उभा बोगदा कोरते आणि त्यात अंडी घालते. अळ्या आंतरसाल खातात, म्हणजे पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जातं तो रस्ताच खातात. शिवाय भुंगेऱ्याच्या अंगावरून एक बुरशी आत येते, ती लाकूड निळसर करते आणि पाणी चढणंही अडवते. झाड काही मुकाट मरत नाही. ते राळ सोडतं, त्यात भुंगेरे बुडून मरतात. पण मादी वासाने इतरांना बोलावते आणि शेकडो एकदम चढले की राळ पुरत नाही. सालीच्या फटीत, बुंध्याशी तांबूस भुस्सा दिसला की समजायचं, झाड गेलं. वर मात्र ते अजून हिरवंगार असतं. पानं पिवळट-तांबूस पडून गळायला पुढचा, कधी त्याच्याही पुढचा उन्हाळा उजाडतो. तुम्ही पाहिलेली करडी खोडं त्याच्याही नंतरची अवस्था.

आपल्याकडच्या वनरक्षकाला हे दृश्य चमत्कारिक वाटतं. चंद्रपूर-गडचिरोलीत पावसाळ्याच्या शेवटी सागाची पानं किडीने चाळणी होतात, अख्खी टेकडी जळाल्यासारखी तपकिरी दिसते, नवा माणूस घाबरून साहेबांना फोन करतो. आणि पुढच्या पावसाळ्यात साग पुन्हा हिरवा. पानं खाणारी कीड रुंदपर्णी झाडाची वाढ खाते, सहसा जीव घेत नाही. स्प्रूसची साल खाणारी कीड जीवच घेते.

या भुंगेऱ्याला एक पिढी पुरी करायला साधारण दोन वर्षं लागतात. उन्हाळा उबदार गेला तर तेच काम एका वर्षात उरकतं. असे उन्हाळे लागोपाठ आले की हिशेब कसा फिरतो ते सांगायला नको. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून केनाय द्वीपकल्पावर नेमकं हेच झालं. दक्षिण-मध्य अलास्कात मिळून सुमारे ३० लाख एकरांवरचे स्प्रूस बाधित झाले, त्यातले दहा लाखांहून जास्त एकर एकट्या केनायवर. १९९६ च्या सुमाराला कळस झाला. मग ही साथ थांबली कशी? औषधाने नाही, थंडीनेही नाही. खाण्याजोगी मोठी झाडंच उरली नाहीत. भुंगेऱ्याला जाड आंतरसाल लागते, ती मोठ्या खोडातच मिळते. बारकी झाडं तो सोडून देतो.

ही "बारकी सोडून देतो" गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यावर एक सुंदर संशोधन उभं आहे. डोक्यावरचे थोरले गेले की खालच्या किरकोळ झाडांना अचानक ऊन मिळतं आणि त्यांची वाढवलयं एकदम रुंद होतात. केनाय वन्यजीव अभयारण्याचे तेव्हाचे परिसंस्थातज्ज्ञ एड बर्ग यांनी जुन्या झाडांची वलयं मोजून भुंगेऱ्यांच्या साथींचा दोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास काढला. १८१० आणि १८७० च्या दशकांतही साथी आल्या होत्या, आणि सरासरी दर ५० वर्षांनी एक, असा तो हिशेब निघाला. नंतर त्यांनी आणि स्कॉट अँडरसन यांनी त्याच टापूत खड्डे खणून मातीतला कोळसा गोळा केला, त्याचं रेडिओकार्बन वय काढलं आणि मागच्या दोन हजार वर्षांतल्या आगी शोधल्या. पांढऱ्या आणि लुट्झ स्प्रूसच्या जंगलात (लुट्झ म्हणजे पांढरा आणि सिटका यांचा संकर) दोन आगींमधलं अंतर निघालं सरासरी ४०० ते ६०० वर्षं.

म्हणजे बघा, एका आगीपासून दुसऱ्या आगीपर्यंत भुंगेऱ्यांच्या आठ-दहा साथी येऊन गेल्या, हजारो झाडं उभी वाळली, पडली, कुजली, आणि पेटलं काहीच नाही. समुद्राजवळची दमट हवा, विजा कमी. म्हणून "किड्यांनी मारली, आता आगीत जातील" हे वाक्य मला खटकतं. इतिहास त्याच्या बाजूने नाही.

पण तुमच्या गृहस्थांना अगदीच खोटं पाडायची माझी इच्छा नाही, कारण इतिहास लिहिला गेला तेव्हा तिथे मोटारी, कुंपणं आणि ग्राइंडर नव्हते.

झाड वाळून पानं गळली की जमिनीवर ऊन येतं आणि एक गवत मोकाट सुटतं. ब्लूजॉइंट त्याचं नाव. कमरेपर्यंत, काही ठिकाणी छातीपर्यंत वाढतं. जमिनीखाली मुळांची अशी चटई विणतं की स्प्रूसचं किंवा भूर्जाचं बी मातीपर्यंत पोहोचतच नाही. हिवाळ्यात बर्फाखाली ते आडवं होतं, आणि बर्फ वितळल्यापासून नवी हिरवळ येईपर्यंतच्या चार-पाच आठवड्यांत जमिनीवर अक्षरशः वाळलेला पेंढा पसरलेला असतो. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्यांचा जीव टांगणीला असतो. अलास्कात वणव्याचा अधिकृत हंगाम पूर्वी १ मेला सुरू व्हायचा, तो २००६ पासून १ एप्रिलला आणला, त्यामागे ही लवकर उघडी पडणारी जमीन आहे. २००७ च्या जूनमध्ये कॅरिबू हिल्सला एक माणूस ग्राइंडरवर फावड्याला धार लावत होता. ठिणगी गवतात पडली. सुमारे ५५ हजार एकर जळालं, दोनशेच्या आसपास घरं, केबिन आणि शेड राख झाली. भुंगेऱ्याने मारलेली झाडं होतीच तिथे, पण आग लावली ठिणगीने आणि पळवली गवताने. लोक मात्र अजून उभ्या वाळक्या खोडांकडेच बोट दाखवतात, कारण ती दिसतात.

आता दुसरी आग, जिच्यात माझं अर्धं आयुष्य गेलं: काळ्या स्प्रूसची. हे झाड दिसायला दरिद्री. शंभर वर्षांचं झालं तरी मनगटाएवढं खोड, वर गोंड्यासारखा शेंडा. दलदलीत, पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीवर ते उभं असतं. भुंगेरा सहसा त्याच्या वाटेला जात नाही, खाण्यासारखं आहे काय त्यात? पण आगीसाठी ते जणू मुद्दाम रचून ठेवलंय. राळभरल्या फांद्या पार जमिनीला टेकलेल्या, खाली मॉसचा (शेवाळाचा) जाड गादीसारखा थर, जो दोन कोरड्या आठवड्यांत कागदासारखा वाळतो. वीज पडली की मॉस धुमसतं, फांद्या शिडी होतात आणि आग शेंड्यावर. केनायवरच्या अलीकडच्या मोठ्या आगी प्रामुख्याने याच झाडाच्या जोरावर पसरल्या. २०१४ ची फनी रिव्हरची आग माणसाच्या हातून लागली आणि जवळजवळ दोन लाख एकर गेलं. २०१९ ची स्वॉन लेकची वीज पडून ५ जूनला लागली. त्या वर्षी ४ जुलैला अँकरेजचा पारा ३२ अंशांना टेकला होता, तोवरचा उच्चांक. ऑगस्टमध्ये वारा फिरला, आगीने स्टर्लिंग हायवे ओलांडला, रस्ता बंद पडला. एकूण सुमारे १ लाख ६७ हजार एकर. तुम्ही गेलात तो हाच रस्ता. स्टर्लिंग गावाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना काळ्या काड्या दिसल्या असतील, त्या भुंगेऱ्याच्या नव्हेत, या आगीच्या.

काळ्या स्प्रूसला आग नवी नाही. त्याची बोंडं शेंड्यावर गुच्छाने असतात आणि राळेने मिटलेली. आगीच्या उष्णतेने राळ वितळते, बोंडं उघडतात, पुढची दोन-तीन वर्षं बी जळक्या जमिनीवर पडत राहतं. दर ७० ते १३० वर्षांनी आग आणि आगीनंतर पुन्हा काळा स्प्रूस, असं हजारो वर्षं चाललं. "जंगलाचं चक्र" हे शब्द शोभतात ते इथे.

ते कुठे तुटतं? जमिनीत. २००४ च्या उन्हाळ्यात अलास्कात ६६ लाख एकर जळालं, नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत जास्त. फेअरबँक्सला आम्ही भर दुपारी दिवे लावून बसायचो, धुराने सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसायचा. पुढची काही वर्षं त्या जळक्या रानांत फिरून आमचं काम एकच: काठी खुपसायची आणि जळल्यावर मॉस-कुजकटाचा थर किती उरलाय ते मोजायचं. जिल जॉनस्टोन आणि टेरी चॅपिन यांच्यासारख्या परिसंस्थातज्ज्ञांनी या मोजमापातून जो निष्कर्ष काढला तो आता पाठ्यपुस्तकात आहे. थर जाड उरला असेल तर तो वरून लवकर वाळतो. भूर्ज आणि अ‍ॅस्पेन या रुंदपर्णी झाडांचं बी धुळीच्या कणासारखं, त्याच्याजवळ शिदोरीच नाही. मूळ ओलाव्यापर्यंत पोहोचायच्या आत ते मरतं. स्प्रूसचं बी जरा मोठं आणि बोंडांतून भरपूर पडतं, ते तग धरतं. पण आग खोल गेली, थर दोन-चार बोटांवर आला किंवा खालची खनिज माती उघडी पडली, की वाऱ्यावर मैलभर दुरून आलेलं भूर्जाचं बी तिथे मौज करतं. त्याची वाढ स्प्रूसच्या कितीतरी पट जलद. पंधरा-वीस वर्षांत तिथे पांढऱ्या खोडांचं रान उभं राहतं आणि स्प्रूसची रोपं त्याच्या सावलीत गुदमरतात.

आग लवकर परत आली तरी तेच. स्प्रूसला भरघोस बोंडं धरायला तीस-चाळीस वर्षं हवीत. त्याआधीच पुन्हा जळालं तर शेंड्यावरची तिजोरी रिकामी. पांढऱ्या स्प्रूसकडे तर तिजोरीच नाही. त्याची बोंडं मिटून राहत नाहीत, आणि भरपूर बी येणारं वर्ष दहा-बारा वर्षांतून एकदा. आग आणि बीजवर्ष जुळलं तर नशीब.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. भुंगेरा वरचं छप्पर काढतो, जमिनीला हात लावत नाही. मॉस, गवत, खालची बारकी झाडं, सगळं जागच्या जागी. तिथे नवीन कोण येईल हे उघड्या मातीअभावी अडून राहतं. केनायवर मी स्प्रूसची नवी रोपं पाहिली आहेत ती बहुतेक कुजक्या ओंडक्यांवर, जुन्या बुंध्यांवर किंवा उन्मळलेल्या मुळांच्या ढिगावर, म्हणजे गवताचा हात पोहोचत नाही तिथे. आग छप्पर काढते आणि जमीनही खरवडते, कधी थोडी, कधी पार. त्यामुळे भुंगेऱ्यानंतर गवत आणि उरलेला स्प्रूस, खोल आगीनंतर भूर्ज-अ‍ॅस्पेन, उथळ आगीनंतर काळा स्प्रूस. ढोबळ आहे हे, पण वीस वर्षांत मला फारसं चुकलेलं आढळलं नाही.

भूर्ज आला की तो गादीही बदलतो. त्याची रुंद पानं शरदात पडून मॉसवर चपटी बसतात आणि मॉस गुदमरतं. मॉस गेलं की जमिनीवरचं पांघरूण गेलं, उन्हाळ्यात माती जास्त खोल तापते, पर्माफ्रॉस्ट खाली सरकतो. परिसंस्थातज्ज्ञ मिशेल मॅक यांच्या गटाने २००४ मध्ये जळलेल्या ७५ जागांचा माग ठेवून २०२१ मध्ये दाखवलं की स्प्रूसच्या जागी रुंदपर्णी आलेल्या जंगलात आग ते आग या काळात कार्बनचा साठा सुमारे पाचपट होऊ शकतो. शिवाय भूर्जाची ओलसर पानं सहजी पेटत नाहीत. ऐकायला छान, आणि आकडेवारी चांगली आहे. पण खालचा पर्माफ्रॉस्ट वितळून काय सुटेल ते या हिशेबात बसत नाही, म्हणून मी तरी पेढे वाटायला निघालेलो नाही.

प्राण्यांचं विचाराल तर सरळ अदलाबदल आहे. १९४७ मध्ये केनायवर ३ लाख १० हजार एकर जळालं, आणि पुढची दोन दशकं तिथे कोवळ्या भूर्ज-विलोवर मूसची, म्हणजे इथल्या थोराड हरणाची, नुसती चंगळ. तेव्हा त्या अभयारण्याचं नावच नॅशनल मूस रेंज होतं. कॅरिबूचं, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरचं, उलट. त्याचं हिवाळी खाद्य म्हणजे जमिनीवरची लायकेन, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची चुलत भावंडं, आणि ती जळाल्यावर पुन्हा पोटभर व्हायला ७०-८० वर्षं तरी लागतात. एकाच आगीला मूसचा शिकारी दुवा देतो आणि कॅरिबूचा शिव्या.

भूर्जालाच कीड लागली तर? ते पाहायला अलास्का सोडून फिनलंडच्या उत्तर टोकाला जावं लागतं. उत्स्योकीजवळ १९६५-६६ मध्ये एका करड्या पतंगाच्या अळ्यांनी पहाडी भूर्जाची लाखो एकर रानं पालाविहीन केली. तसा हा पतंग दर दहाएक वर्षांनी उसळतो आणि भूर्ज बुंध्याशी नवे फुटवे काढून सावरतो. त्या वेळी फुटवे आले, पण रेनडिअरांनी उन्हाळाभर ते खुडले, आणि कितीतरी टेकड्या कायमच्या उघड्या टुंड्रा झाल्या. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. पतंगाची अंडी फांद्यांवर हिवाळा काढतात आणि साधारण उणे ३५ अंशांखाली मरतात. थंड हवा जड, ती दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे साथ आली की उतारावरची झाडं बोडकी आणि तळातली हिरवी, मध्ये आखल्यासारखी सरळ रेघ. ती रेघ थंडीने आखलेली असते. हिवाळे ऊबदार होत चालले, तशी ती खाली सरकतेय.

तोडून का टाकत नाहीत, हा तुमचा दुसरा प्रश्न. तोडली की. १९९० च्या दशकात केनायवर पुष्कळ तोड झाली, होमरच्या बंदरावर लाकडाच्या चिपांचे डोंगर लागायचे, बोटींनी आशियात जायचे. पण वाळलेलं खोड काही वर्षांत तडकतं, फळीच्या कामाचं राहत नाही, आणि रस्त्यापासून लांबचं लाकूड आणायचा खर्च लाकडाहून जास्त. शिवाय तोडल्यावर माती खरवडली नाही तर तिथे काय येतं? ब्लूजॉइंट. म्हणजे आगीची भीती म्हणून तोडायचं आणि गवताला कुरण द्यायचं. असे काही पट्टे मी पाहिले आहेत, तीस वर्षांनीही झाड नाही. साथ सुरू होतानाच, जागा लहान असेल तर, एक जुनी युक्ती चालते: भुंगेरे उडायच्या आधी एखादं-दुसरं मोठं झाड सावलीत पाडून ठेवायचं, ते त्यात शिरतात, मग साल सोलून किंवा जाळून टाकायचं. १९९० च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशात मंडला भागात साल वृक्षांवर खोडकिड्याची साथ आली, तेव्हाही ट्रॅप ट्री पाडून त्यांवर जमणारे भुंगेरे गावकऱ्यांकडून वेचून घेतले होते. लाखो एकरांवर ती युक्ती म्हणजे समुद्राला बांध.

आता तर सगळी ताकद घरांभोवती लावतात. घरापासून दहाएक मीटरमधला स्प्रूस आणि वाळलं गवत काढायचं, भूर्ज असला तर राहू द्यायचा, ताजं तोडलेलं स्प्रूसचं जळण दुसऱ्या गावाला न्यायचं नाही. दूरच्या रानातली वीज पडून लागलेली आग अनेकदा नुसती नजरेखाली ठेवतात, विझवत नाहीत. आपल्याकडे वणवा म्हटलं की जाळरेषा आणि झोडपणी, कारण आपले वणवे बहुतेक माणसाचे. मला सुरुवातीला हे बघवत नसे. आता बघवतं. मात्र २०१६ च्या सुमाराला अँकरेजच्या उत्तरेकडच्या सुसित्ना खोऱ्यात भुंगेऱ्याची नवी साथ सुरू झाली, आणि तिथे वस्ती केनायहून दाट आहे, त्यामुळे त्या भागातल्या मित्रांना मी दर एप्रिलमध्ये गवताबद्दल फोन करतो.

पुन्हा जाल तेव्हा स्टर्लिंग हायवेवर २०१९ च्या जळक्या पट्ट्यात गाडी सुरक्षित जागी लावून दहा पावलं आत जा, पण वारं नसेल तेव्हाच, जळकी झाडं न सांगता पडतात. खाली बसा आणि हाताने जमीन उकरा. लगेच माती लागली तर आजूबाजूला गुडघाभर भूर्ज दिसतील, कोवळे शेंडे मूसने खुडलेले. हात मऊ काळ्या गादीत रुतला तर नीट बघा, बोटाएवढ्या स्प्रूसची रोपं सापडतील. मग तिथून पुढे निनिल्चिक गावाकडे, तुमच्या करड्या खोडांपाशी थांबा आणि तेच करा. तिथे हात मातीपर्यंत जाणार नाही. गवताची चटई आडवी येईल.

आणि हो, तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं पांढऱ्या सालीचं झाड भूर्जच. आपल्या हिमालयातल्या भूर्जपत्राचा हा उत्तरेकडचा भाऊबंद. साल न्यायचीच असेल तर पडलेल्या झाडाची घ्या, उभ्याची सोलू नका.